पश्चिमेच्या झडपा

२१ ऑगस्ट २०२०

चैताली,

आधी एवढं वाच, मग बाकीचं सावकाश. तुझे आबा आज जेवले. तांदळाची अख्खी भाकरी, वर डांगराची भाजी, आणि शेवटी म्हणाले काय, तर "मीठ कमी हाय." इतके दिवस ज्या माणसाने पेजेच्या वाटीकडे पाहून तोंड फिरवलं तो मिठावरून कुरकुरतोय! मी चुलीकडे तोंड करून पोटभर हसले. जिवात जीव आला बाई.

म्हणून पत्र. फोन करायला टेकडीवर चढावं लागतं, जूनच्या वादळात टॉवर आडवा झाला तो अजून धड उभा नाही. आणि खरं सांगायचं तर फोनवर तुझा आवाज ऐकला की माझा आवाज फुटतो, मग दोघींनी नुसता पाऊस ऐकायचा. कागदावर तसं होत नाही. दुधाच्या गाडीवरचा गोरख सोमाटणे फाट्यावर थांबतोच, तो तुझ्या उमेशच्या हातात देईल. अक्षर असं का आलंय ते विचारू नकोस. पेन समर्थचं आहे, त्याच्यासारखंच आळशी.

समर्थने तुला टेकडीवरून सांगितलं असेलच. पण तुझा भाऊ सांगतो म्हणजे काय, "ताप होता, उतरला." झालं त्याचं. बाकीचं माझ्याकडून ऐक.

तुझ्या आबांचं हवामान खातं तुला ठाऊक आहे. तू तळेगावहून पुण्याला जाऊन कुठल्या हवेत कुठला रोग कसा पसरतो याचा अभ्यास करतेस, पण त्यांनी तो पारावर बसून आधीच पुरा केला होता. मार्चमध्ये म्हणाले, जरा ऊन तापू दे, रोग भाजून मरेल. मे महिन्यात पुण्यात उन्हाने डांबर पातळ झालं तरी रोग मेला नाही, तेव्हा म्हणाले, पुण्याची हवा घाण, आपली धरणावरची, जुन्या काळी क्षयाची माणसं तळेगावला हवा खायला यायची ती काय उगीच? मग लोणावळ्यात पेशंट निघाले. तर म्हणाले, तिथं धुकं असतं, धुक्यात रोग बसून राहतो. म्हणजे वर लोणावळा धुक्याने वाईट, खाली तळेगाव कारखान्यांनी वाईट, मधे आपलं गाव तेवढं देवाने झाकून ठेवलेलं! आणि पाऊस लागला की उरलासुरला धुऊन जाणार होता.

मी म्हणायची, अवं, पावसात सर्दी-खोकला धुऊन जातो का कधी? तर म्हणायचे, "तुला काय कळतंय त्यातलं."

आत्ता हाक मारतायत. चहा पाहिजे. त्यांनी चहा मागितला म्हणून आनंद होणारी मी जगातली पहिली बाई असेन.

२२ ऑगस्ट

आज गणपती बसले. गावाचा मंडप नाही, आरतीला गर्दी नाही. घरात एवढुसा शाडूचा बसवला. आबांनी बसल्या जागेवरून समर्थला इतक्या सूचना केल्या की गणपतीसुद्धा कंटाळला असेल. म्हणजे बरे आहेत.

काल पावसापर्यंत सांगून झालं होतं, आता आवणीचं, भातलावणीचं. यंदा जुलैभर पाऊस रुसला. रोपं वाफ्यात पिवळी पडायला लागली, धरणाच्या काठाला मातीचे पट्टे दिसायला लागले. आणि महिनाअखेर जो आला तो धरबंद सोडून. मग सगळ्या आळीची एकदम घाई. सावड तर लागणारच. आज आमच्या खाचरात सगळ्यांनी लावायचं, उद्या त्यांच्या. एकट्यादुकट्याने भात लावून होत नाही हे तुला सांगायला नको.

तुझ्या आबांनी बंदोबस्त पण कडक ठेवलेला. बाहेरून एक मजूर घ्यायचा नाही. फक्त आपली आळी. खाचरात तोंडाला फडकं बांधून, हाताहाताच्या अंतरावर. सगळ्यांना दटावत बांधावरून हिंडत होते. मला हसू यायचं, पण बरंही वाटायचं.

आणि दुपारी? दुपारी सगळी माणसं गारठून, ओलीचिंब, आपल्या पडवीत! इरली काढली, फडकी काढून वळचणीला वाळत घातली, मधे शेगडी पेटवली आणि गुडघ्याला गुडघा लावून शेकत बसली. भाकरी, सुकटाची चटणी, चहा, गप्पा, हसणं, आक्काबाई आत्याचं एखादं आवणीचं गाणं. खाचरात अंतर आणि घरात गर्दी. कुणाला म्हणजे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. घर म्हणजे आपलं, घरात कसला रोग! मीच तर सगळ्यांना वाढत होते.

आता पडवीचं सांगते, कारण तू ती यंदा पाहिलेली नाहीस. दरवर्षी पावसाआधी उमेशचे वडील, आपले शिदूभावजी, वरच्या वाडीवरून खाली यायचे आणि पश्चिमेच्या अंगाला कारवीच्या काठ्या नि पेंढा बांधून झडपा करून द्यायचे. आबांच्या मनाविरुद्ध तू उमेशशी लग्न केलंस तेव्हापासून त्यांनी शिदूभावजींना बोलावलं नाही. मागच्या वर्षी जुन्याच झडपांवर भागवलं. यंदा त्या वादळाने उडवून नेल्या, निम्मे पत्रेही नेले. वादळाची धास्ती इतकी बसली की आबांनी तळेगावहून निळा प्लॅस्टिकचा कागद आणवला आणि पडवीला तिन्ही बाजूंनी, वर आढ्यापासून खाली जोत्यापर्यंत, पट्ट्या मारून खिळ्यांनी ठोकून टाकला. मुंगीला वाट ठेवली नाही. वर मला म्हणाले, "बघ, एक थेंब येतोय का आत. शिदूवाचून काय अडत न्हाई." थेंब आला नाही हे खरं. धूरसुद्धा बाहेर जात नव्हता.

सावड संपली नि आठवडाभरात आळीत खोकला सुरू. आधी शेजारी सोपानकडे, मग आपल्याकडे. आबांना ताप भरला, पडवीतच आडवे झाले. पावसात भिजलोय म्हणाले. दुसऱ्या दिवशी उठून गोठ्यात गेले आणि दावणीला धरून उभे राहिले, चालता येईना. ते मी पाहिलं.

तेव्हा मी माळ्यावरून तुझी पिशवी काढली.

हो, तीच. मे महिन्यात तू वेशीपाशी बाभळीच्या काट्यांपलीकडे उभी राहिलीस आणि तुझ्या बापाने, पहाऱ्यावर बसलेल्या सख्ख्या बापाने, "भायेरच्याला बंदी हाय" म्हणून तुला परत लावलं, तेव्हा तू ठेवून गेलीस ती. त्यांनी ती घरी आणली, पण उघडली नाही. फेकलीही नाही बरं का. माळ्यावर पेंढ्याखाली सरकवून ठेवली. मी त्या दिवशी माहेरी नसते ना, तर काटे उपसून तुला आत घेतलं असतं. तुला हे पटणार नाही. नको पटू दे.

पिशवीत ते बोटाला लावायचं चिमट्यासारखं यंत्र होतं. त्यातला आकडा कसा वाचायचा ते समर्थला येत होतं. त्याचा चेहरा पाहिला आणि म्हटलं, जा बाबा, टेकडीवर जा, तिलाच विचार.

आज इथे थांबते. थोडं लिहिलं की दम लागतो, म्हणजे कंटाळा येतो.

२४ ऑगस्ट

आज ऊन पडलंय. अंथरुणं, गोधड्या, सगळं बाहेर टाकलंय. आबा ओट्यावर बसून कोंबड्यांवर ओरडतायत.

तर समर्थ टेकडीवरून आला तो वरपासून खालपर्यंत निथळत, आणि शाळेत कविता म्हणायचा तसा उभं राहून तुझं सगळं घडाघडा म्हणाला. उद्या सकाळी डॉक्टरला दाखवायचं. आकडा आत्ता चौऱ्याण्णव आहे, त्र्याण्णवच्या खाली गेला तर थांबायचं नाही, मिळेल ती गाडी करून हलवायचं. पालथं झोपवायचं. शेगडी विझवायची. एकाने जवळ राहायचं, बाकीच्यांनी लांब. आणि पडवी उघडायची.

"उघडायची म्हंजी?" मी म्हटलं.

"ताई म्हनली, कागद काढ. सगळा. आरपार वारं पायजे."

मग त्याने तुझं ते सांगितलं, जे मला जसंच्या तसं लक्षात राहिलंय. ऊन-थंडी रोगाला थोडीफार लागते, पण त्यापेक्षा माणसाला जास्त लागते. दिल्लीकडची माणसं उन्हाळ्यात दारं लावून घेतात आणि आपण पावसात. रोग कुठे नि कधी वाढेल ते बघायचं तर माणसं दारं कधी लावून घेतात ते बघायचं. चैताली, तू काय शिकतेस हे इतक्या वर्षांत मला त्या दिवशी कळलं. लोकांनी विचारलं की मी नुसतं "पावसापाण्याचं काहीतरी" असं सांगायची.

डॉक्टरचं आम्ही लगेच कबूल केलं. पण कागद! बाहेर पाऊस असा की अंगणातलं तुळशीवृंदावन दिसेना, वारं थेट पश्चिमेचं, आत माणूस तापाने फणफणलेला, आणि त्याच्या अंगावर पाऊस घ्यायचा? मला वाटलं, पोरगी पुण्याला शिकून आपल्या गावचा पाऊस विसरली. आक्काबाई आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, मारतीस का त्याला?" आणि आबा खोकत होते. धुराने की रोगाने ते कळत नव्हतं, पण खोकला थांबायचं नाव नाही. ओठ काळपट दिसायला लागले. मला एवढंच कळत होतं की हा माणूस उद्या असेल की नाही ते आत्ता मी काय करते त्यावर आहे. आणि विचारायला तुझ्याशिवाय कुणी नव्हतं.

कोयता घेतला आणि वरपासून खालपर्यंत कागद टरटर फाडला.

बाई गं, जे वारं आत शिरलं! शेगडीची राख उडाली, दोरीवरची लुगडी उडाली, भिंतीवरचं कॅलेंडर उडून दूध तापवायच्या भांड्यात. आबा उठून बसायला लागले. "आगं येडी झालीस का? घर भिजतंय माजं!"

"भिजू द्या," मी म्हटलं. "घर वाळवता येतं."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं उलट बोलले असेन, आणि पहिल्यांदाच त्यांनी माझं ऐकलं. त्यांना आम्ही मधल्या दाराशी कोरड्यात ओढलं, पालथं घातलं. आत्याला मागच्या खोलीत पाठवलं, समर्थला माळ्यावर. धूर गेला. खोकला जरा बसला. पण पाणी तर पार उंबऱ्यापर्यंत येत होतं, तसं किती वेळ ठेवणार? म्हणून मी समर्थला म्हटलं, वाडीवर जा. शिदूभावजींना म्हणावं, सविताने बोलावलंय, येत असाल तर या. नाही आलात तरी राग नाही.

आले. विचारायला थांबलेसुद्धा नाहीत, खांद्यावर कारवीचा भारा, डोक्यावर घोंगडी. आत पाऊल टाकलं नाही. म्हणाले, "वैनी, आत आजार हाय, मी भायरूनच करतो." आणि भर पावसात अंगणात उभं राहून झडपा बांधल्या, यंदा जरा वेगळ्या. मी सांगितलं तशा. खाली बंद, वर हातभर मोकळ्या, आणि पुढे कलत्या, म्हणजे झड बाहेर ओघळेल नि वारं वरून आत येईल. दोनदा वाऱ्याने उलटवल्या. दोनदा परत बांधल्या.

आबा पालथे पडल्या पडल्या एका डोळ्याने बघत होते. मी म्हटलं, आता काय बोलतात देव जाणे. मग घोगऱ्या आवाजात, "शिदू, डावीकडची दोरी ढिली हाय."

"व्हय, भाऊ," शिदूभावजी म्हणाले आणि आवळली.

दोन वर्षांत दोघांमधलं पहिलं बोलणं ते. सोयरीक झाल्यावर व्याही एकमेकांना काय काय म्हणतात, आणि यांचं बोलणं दोरीवर!

सकाळी डॉक्टरकडे नेलं. तपासणी, गोळ्या. आकडा चौऱ्याण्णववर लटकलेला, खाली आला तर लगेच घेऊन या म्हणाले. आम्ही यंत्राकडे असे बघायचो की देवाकडे कुणी बघत नसेल. खाली आला नाही. हळूहळू वर गेला.

समर्थला काही झालं नाही. आक्काबाई आत्या, एवढी म्हातारी, तिला साधी शिंक आली नाही. झडपा उघडल्या म्हणून का नशीब म्हणून, ते मला सांगता येणार नाही. तू सांग. पण सोपाननेही पडवीला असाच कागद ठोकला होता, तो तसाच राहिला, त्यांच्याकडे एकामागून एक सगळे पडले. आता तेही उठून बसलेत, देवाची कृपा.

२५ ऑगस्ट

गोरख काल आला नाही, त्यामुळे पत्र इथेच आहे. बरं झालं. एक सांगायचं राहिलं होतं, म्हणजे सांगणार नव्हते.

मलाही झाला होता. आबांच्या पाठोपाठच. ताप फार नव्हता, पण हळदीचं दूध आणि पाणी एकच लागायचं, आणि जिना चढताना धाप. समर्थला शपथ घातली होती की ताईला सांगायचं नाही. तू धावत आली असतीस, आणि वेशीवर परत तेच झालं असतं तर मला ते सोसलं नसतं. रोगाने नाही, त्यानेच मेले असते. आता मी बरी आहे. आज सकाळी कोथिंबिरीचा वास आला. मूठभर जुडी नाकाला लावून मी किती वेळ बसले होते! समर्थ म्हणतो, आई वेडी झाली.

हो, अक्षर वाकडं आलं त्यात पेनाचा काही दोष नव्हता.

दुपारी आशाताई आली होती, सुषमा. घरोघरी जाऊन कोण आजारी, कोण बरं, लिहून घेते. अंगणातच उभी राहिली. आबा ओट्यावर. तिने विचारलं, "आबा, घरात माणसं किती?"

मी आतून सांगणार होते, चार. आम्ही दोघं, समर्थ, आत्या. दोन वर्षं तसंच सांगतोय सगळ्यांना.

आबा म्हणाले, "सहा."

सुषमाला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. "नाही हो, घरात राहणारी माणसं."

"सहाच लिव की," ते तिच्यावर खेकसले. "म्या, ही, समर्थ, आक्काबाई. लेक, चैताली. जावई, उमेश. दोघं तळेगावला असत्यात."

सुषमा पेन धरून उभी. तिला गावातलं सगळं ठाऊक. पण शहाणी पोर. जावई कुठल्या कंपनीत आहेत तेवढं विचारलं. आता ते यांना कुठून माहीत! माझ्याकडे मान वळवली. मी सांगितलं. तर म्हणतात कसे, "मला ठावं हाय, मदी बोलू नगं."

मी आत येऊन पिठाच्या डब्यापाशी बसून ढसाढसा रडले. आक्काबाई आत्याने विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, काही नाही, जावई म्हणाले. तीही बसली रडायला.

संध्याकाळी त्यांना सरळ विचारलं, "बोलवू का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. झडपांकडे पाहत म्हणाले, "लेकीला सासरहून आणायला बापानं जायचं असतंय. मला अजून चालवत न्हाई तेवढं. तिला म्हनावं, चार दिस दम धर, मी येतो आणायला. शिदूला संगं घीन."

तेव्हा चैताली, तू निघू नकोस. घरी थांब. आबा येतायत.

तुझी,
आई